त्याच वाटेवरचे पक्षी

पुण्याच्या पश्चिमेला वेताळ टेकडी आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंच, शहरातली सगळ्यांत उंच जागा. लॉ कॉलेज, चतुःशृंगी, पाषाण-पंचवटी, कोथरूड अशा चारी बाजूंनी पायवाटा तिच्यावर चढतात. वर वेताळाचं देऊळ आहे. दगडाच्या जुन्या खाणी आहेत, त्यांत पावसाचं पाणी साठतं. सालई, मोई, पळस, पांगारा, सोनसावर अशी पानझडी झाडं आहेत आणि मधून मधून कुसळी गवताचे उघडे माळ. पहाटेपासून इथे माणसांची ये-जा सुरू होते. कुणी डॉक्टरांनी सांगितलं म्हणून येतं, कुणी पळायला, कुणी कुत्र्याला फिरवायला. यांतली बरीच मंडळी वर्षानुवर्षं एकाच वाटेनं जातात आणि त्याच वाटेनं उतरतात. पक्षी शिकायला याहून चांगली शाळा नाही, असं माझं पक्कं मत आहे.

पक्षी पाहायचे म्हणजे भिगवणला रोहित बघायला जायचं, नांदूर मध्यमेश्वरला बदकं, कर्नाळ्याला जंगलातले पक्षी, असं आपल्याकडे समजतात. अशा सहली जरूर कराव्यात. पण सहलीत पक्षी दिसतो आणि यादीत जातो. तो तिथे कधी आला, किती दिवस राहणार, काय खातो, कुणाशी भांडतो, घरटं कुठे करतो, यातलं काही एका सकाळी कळत नाही. ते कळायला तीच वाट बाराही महिने तुडवावी लागते.

याचं सर्वांत मोठं उदाहरण महाराष्ट्रातलंच आहे. १९३० साली पक्षिशास्त्रज्ञ सलीम अली बर्लिनहून शिकून मुंबईत परतले, तेव्हा तिथल्या संग्रहालयातली त्यांची जागा राहिलेली नव्हती. नोकरी नाही म्हणून ते अलिबागजवळ किहीमला राहायला गेले. घराजवळ सुगरणींची वसाहत होती. सुगरण हा कोकणातल्या पोरासोरांनाही ठाऊक असलेला पक्षी. ती घरटी त्यांनी पावसाळाभर, दिवसेंदिवस, आडोशाला बसून पाहिली. त्यातून जे कळलं ते तोवर कुणी नीट नोंदवलंच नव्हतं. घरटं बांधतो तो नर. तो ते अर्धवट विणून ठेवतो. मग माद्या येतात, अर्ध्या घरट्यांत शिरून तपासणी करतात, पसंत पडलं तर मुक्काम ठोकतात. त्यानंतर नर ते घरटं पुरं करतो आणि लगेच दुसरं विणायला घेतो, दुसऱ्या मादीसाठी. मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात १९३१ मध्ये हा अभ्यास छापून आला. रोजचा पक्षी, रोजची जागा आणि धीर, एवढ्या भांडवलावर हे काम झालं.

टेकडीकडे परत येऊ. वाट निवडताना उन्हाचा विचार करावा. सकाळी लॉ कॉलेजच्या बाजूनं चढलं की आपण पश्चिमेकडे चालतो. सूर्य पाठीशी राहतो आणि समोरच्या झाडावरचा पक्षी उजेडात न्हालेला दिसतो. उतरताना तेच ऊन डोळ्यांत येतं, प्रत्येक पक्षी काळा दिसतो. म्हणून जाताना बघावं आणि येताना ऐकावं. सूर्योदयानंतरचा पहिला तास-दीड तास सर्वांत चांगला, कारण रात्रभर उपाशी असलेले पक्षी तेव्हा खाण्याच्या मागे असतात आणि उघड्यावर येतात. ऊन चढलं की किडे आणि पक्षी दोघेही सावलीला जातात. चाल मात्र व्यायामाची नको. शंभर पावलं चाललं की उभं राहावं. उभं राहिल्यावर दोन मिनिटांत झुडपं पुन्हा हलू लागतात.

ऐकण्याची सवय आधी लावावी, कारण टेकडीवर निम्म्याहून अधिक पक्ष्यांचा पत्ता कानाला लागतो. तांबट घ्या. टुक्-टुक्-टुक् असा एका लयीतला ठोका वडापिंपळावरून तासन्‌तास चालू असतो, पण पक्षी काही केल्या सापडत नाही. याला कारण आहे. तांबट आवाज काढताना चोच मिटलेली ठेवतो. त्याच्या गळ्याच्या दोन्ही बाजूंना उघड्या कातडीचा पट्टा असतो, तो प्रत्येक ठोक्याबरोबर फुगतो आणि बसतो. शिवाय ठोके देता देता तो मान एकदा इकडे, एकदा तिकडे वळवतो, त्यामुळे आवाज कधी जवळून आल्यासारखा वाटतो, कधी लांबून. चिमणीहून जरा मोठा, हिरव्या अंगाचा हा पक्षी पानांत बेमालूम मिसळतो. त्याला बघायचं असेल तर हिवाळ्यात जावं. थंडीच्या सकाळी तो निष्पर्ण झाडाच्या शेंड्यावर ऊन खात बसतो. तेव्हा दुर्बिणीतून त्याच्या कपाळावरचा आणि छातीवरचा लाल ठिपका, डोळ्याभोवतीचा पिवळा रंग आणि चोचीभोवतीचे राठ केस स्पष्ट दिसतात. एकदा हे पाहिलं की पानांतला अदृश्य ठोकाही ओळखीचा होतो.

राखी वटवट्याचंही तसंच. हा इटुकला पक्षी झुडपातून झुडपात उडताना कटकट असा कोरडा आवाज करतो. तो ऐकला की पक्षी न दिसताही नाव लिहायला हरकत नाही. हल्ली फोनमध्ये आवाज ओळखणारी अ‍ॅप आली आहेत, त्यांचा उपयोगही होतो. पण माझी विनंती अशी की आधी स्वतः ऐकावं, आवाज कुठून आला ते शोधावं, मग फोन काढावा. अ‍ॅपनं नाव सांगितलं की मन शोध थांबवतं आणि पुढच्या खेपेला पुन्हा अ‍ॅपच लागतं.

दुर्बीण घेताना दुकानदार दोन आकडे सांगतो, ८ × ४२ किंवा १० × ५० असे काहीतरी. पहिला आकडा म्हणजे पक्षी किती पट जवळ दिसेल. दुसरा म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास, मिलिमीटरमध्ये. दुसऱ्याला पहिल्यानं भागलं की डोळ्यापर्यंत येणाऱ्या प्रकाशझोताची रुंदी मिळते. ८ × ४२ मध्ये ती सव्वापाच मिलिमीटर होते आणि पहाटेच्या अंधूक उजेडातही चित्र उजळ राहतं. नवखे लोक मोठ्या आकड्याला भुलतात. पण १० पटीच्या दुर्बिणीत हाताचा कंपही तेवढाच वाढतो आणि दिसणारा परिसर आकसतो. तलावावर लांबच्या बदकांसाठी ती ठीक. टेकडीवर जवळच्या झुडपात क्षणभर टेकणाऱ्या पक्ष्यासाठी ८ पटीचीच बरी. आणि वापरताना पक्ष्यावरची नजर न हलवता दुर्बीण डोळ्यांकडे आणायची. नजर खाली केली की पक्षी हरवलाच.

सुरुवातीला वीस-पंचवीस नेहमीचे पक्षी घट्ट ओळखता आले की पुरे. लालबुड्या बुलबुल, चिरक, दयाळ, कोतवाल, वेडा राघू, शिंपी, चष्मेवाला, सुभग, सातभाई, भारद्वाज, टिटवी, खाटीक, शिक्रा, घार, मोर. अनोळखी पक्ष्याचा आकार चिमणी, बुलबुल, साळुंकी, कावळा या मापांनी ताडायचा, ही सलीम अलींच्या पुस्तकापासून चालत आलेली पद्धत आजही उत्तम आहे. रंगाआधी तो काय करतोय ते बघावं. शेपटी सारखी वर-खाली करतोय की थरथरवतोय? एकाच काठीवरून झेप घेऊन परत तिथेच येतोय, की फांदीफांदीवरून पानं चाळत चाललाय? माशीमार आणि वटवट्या यांतला फरक रंगावरून समजत नाही, तो या वागणुकीतून समजतो.

एवढी तयारी झाली की टेकडीचं पंचांग उलगडायला लागतं. ते छापील पंचांगाहून वेगळं असतं आणि प्रत्येक वाटेचं थोडं वेगळं.

माघ-फाल्गुनात पानं गळतात आणि झाडं फुलतात. आधी पांगारा आणि पळस, आगेमागे काटेसावर, सोनसावर. तेव्हा एखाद्या फुललेल्या पांगाऱ्याखाली उभं राहिलं तर वाटभर फिरावं लागत नाही, पक्षीच तिथे येतात. साळुंक्या, बुलबुल, कोतवाल, पोपट आणि थव्यानं येणाऱ्या गुलाबी अंगाच्या भोरड्या. या भोरड्यांची वीण मध्य आशियाच्या गवताळ प्रदेशात होते, तिथे त्या टोळ आणि नाकतोड्यांवर पिल्लं पोसतात. पावसाळा सरता सरता आपल्याकडे येतात आणि एप्रिलमध्ये परततात. जायच्या आधीच्या महिन्यांत फुलातल्या मधाचा आणि फळांचा त्यांना मोठा आधार असतो. फुलात चोच घालताना कपाळाला पराग लागतात आणि पळस-पांगाऱ्याचंही काम होऊन जातं.

याच दिवसांत शिंजीराकडे, म्हणजे जांभळ्या सूर्यपक्ष्याकडे, नीट लक्ष द्यावं. फेब्रुवारीत नर झळझळीत निळा-जांभळा असतो, मोठमोठ्यानं गातो, दुसऱ्या नराला हाकलतो. मादी वरून तपकिरी, खालून पिवळट. पावसाळा संपत आला की हे चमकते नर हळूहळू दिसेनासे होतात आणि सगळीकडे माद्याच माद्या आहेत असं वाटू लागतं. नर कुठे गेलेले नसतात. विणीचा काळ संपला की त्यांची पिसं गळतात आणि नवी येतात ती मादीसारखी. फक्त हनुवटीपासून पोटाकडे जाणारी एक काळी रेघ तेवढी उरते. थंडीच्या अखेरीस पुन्हा गळती सुरू होते. तेव्हा अर्धा पिवळट, अर्धा निळा, ठिगळं लावलेला नर दिसतो. वर्षातून एकदा येणाऱ्याला हा वेगळाच पक्षी वाटेल. रोज जाणाऱ्याच्या डोळ्यांदेखत तोच पक्षी कपडे बदलतो. हिवाळ्यात हा बदल का? झळाळी विणीसाठी लागते. वीण नसताना ती शिकाऱ्याच्या नजरेत भरायला तेवढी उपयोगी पडेल.

चैत्र-वैशाखात टेकडी सुकून पिवळी पडते. लोकांना वाटतं आता पक्षी नाहीत. संध्याकाळी उतरायला जरा उशीर करावा, म्हणजे रातव्याचा आवाज येतो. कडक फरशीवर सोडलेला चेंडू टप्पे घेत घेत थांबावा तसा, आधी सावकाश आणि शेवटी भरभर. रातवा घरटं बांधतच नाही. उघड्या जमिनीवर, पाचोळ्याशेजारी दोन अंडी घालतो आणि त्यांवर दिवसभर न हलता बसून राहतो. त्याच्या पिसांचा रंग माती, काटक्या आणि वाळल्या पानांशी इतका मिळताजुळता असतो की दोन हातांवरूनही तो दिसत नाही. टिटवी, तित्तर, चंडोल, मोर हेही जमिनीवरच अंडी घालतात. आणि नेमक्या याच दिवसांत टेकडीवर वणवे लागतात. काही विडीच्या थोटकानं, काही गवत पेटवून दिल्यानं. जळालेल्या उतारावरून चालताना काळी राख दिसते, तिच्यात कितीजणांची अंडी गेली ते दिसत नाही.

मेच्या अखेरीपासून कान टवकारून चालावं. वळीव पडून गेला की पावशा सुरू होतो. शेतकऱ्याला ते ‘पेरते व्हा, पेरते व्हा’ असं ऐकू येतं. पावशा वर्षभर इथलाच, फक्त बोलतो या दिवसांत. चातक मात्र पाहुणा. पाठीवरून काळा, पोटाखालून पांढरा, डोक्यावर टोकदार तुरा आणि उडताना पंखावर पांढरा पट्टा. आपल्या भागात येणारे चातक आफ्रिकेतून नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांबरोबर येतात आणि पावसाच्या आधी काही दिवस पोचतात. तो फक्त पावसाचे थेंब पितो ही कविसंकेतातली गोष्ट. खरा चातक अळ्या आणि किडे खातो, केसाळ सुरवंटसुद्धा. पाऊस पडला की कोवळी पालवी फुटते, पालवीवर अळ्यांची रेलचेल होते, हे त्याच्या येण्यामागचं एक कारण. दुसरं कारण सातभाई.

चातक आणि पावशा दोघेही आपली अंडी सातभाईंच्या घरट्यात घालतात. सातभाईंची अंडी निळीशार असतात, चातकाची तशीच. सातभाई टोळीनं राहतात, पिल्लांना सगळी टोळी मिळून भरवते. म्हणजे परक्या पिल्लासाठी याहून बरं घर शोधून सापडायचं नाही. कोकिळेच्या युरोपातल्या नातेवाईकाचं पिल्लू घरमालकाची अंडी घरट्याबाहेर ढकलून देतं, हे अनेकांनी वाचलेलं असतं. चातकाचं पिल्लू असं करत नाही, ते सातभाईंच्या पिल्लांबरोबरच वाढतं. रोजच्या वाटेवर सातभाईंची टोळी ठरलेल्या टप्प्यात असते, त्यामुळे पावसाळ्यात तिच्यावर नजर ठेवणं सोपं असतं. श्रावण-भाद्रपदात एखाद्या सकाळी त्या मातकट कोलाहलात एक लांब शेपटीचं, वेगळ्याच आवाजात भीक मागणारं पिल्लू दिसतं आणि तीन-चार सातभाई त्याच्या मागे अळ्या घेऊन धावत असतात. पुढे पावसाळा सरताना मोठे चातक निघून जातात. पिल्लांना आफ्रिकेची वाट कुणी दाखवायला नसतं. सातभाईंनी तर टेकडीबाहेरचं जगही पाहिलेलं नसतं. तरी ती पिल्लं निघतात. दिशा आणि वेळ यांचं भान ती अंड्यातूनच घेऊन आलेली असतात.

नवरंगही साधारण याच सुमारास टेकडीवरून जातो. त्याचा हिवाळा दक्षिण भारतात आणि श्रीलंकेत, वीण मध्य आणि उत्तर भारतात. त्यामुळे मे-जूनमध्ये उत्तरेकडे जाताना आणि पावसाळ्यानंतर परतताना तो पुण्यात उतरतो. रात्रभर उडून दमलेला नवरंग कधी सोसायटीच्या बागेत, कधी बाल्कनीतही सापडतो. अशा वेळी त्याला पिंजऱ्यात घालू नये. काचेवर आपटला असेल तर हवेशीर खोक्यात, अंधारात, तासभर शांत ठेवावं आणि झाडीत सोडून द्यावं.

ऑक्टोबरमध्ये उत्तरेचे पाहुणे उतरतात. पहिला बहुधा धोबी. मग खडकाळ जागी शेपटी थरथरवणारा थिरथिरा. गर्द सावलीत लालकंठी माशीमार, हा पूर्व युरोप आणि पश्चिम आशियातून येतो. एवढासा जीव, वजन दहा ग्रॅमच्या आसपास. पायात कडी अडकवून केलेल्या अभ्यासांतून दिसलं आहे की अनेक स्थलांतरी पक्षी हिवाळ्यासाठी गेल्या वर्षीच्याच जागी परततात. म्हणून ज्या करंजाखाली गेल्या हिवाळ्यात माशीमार होता, त्या करंजाखाली यंदा ऑक्टोबरात मुद्दाम थांबावं. हिवाळ्यातली आणखी एक मौज म्हणजे मिश्र थवे. चष्मेवाले, सुभग, निखार, नाचण, वटवटे एकत्र चारा शोधत निघतात. एकाच्या हालचालीनं उडालेला किडा दुसऱ्याला मिळतो आणि शिक्रा आला तर पन्नास डोळ्यांतले दोन तरी त्याला आधी बघतात. रिकाम्या वाटेवर असा थवा आला की दहा मिनिटं नुसती धांदल उडते आणि मग पुन्हा सामसूम.

आता नोंदींकडे. पुष्कळजण वही ठेवतात, पण तिच्यात फक्त विशेष पक्षी लिहितात. नवरंग दिसला, स्वर्गीय नर्तक दिसला. बुलबुल काय रोजचेच, ते कशाला लिहायचे? इथेच मोठी गल्लत होते. विज्ञानाच्या दृष्टीनं बुलबुलाची ओळ तेवढीच मोलाची आहे.

समजा, एका वाटेवर दर फेरीला दिसलेले सगळे पक्षी लिहिले, काही वगळलं नाही. तर ज्याचं नाव त्या यादीत नाही तो त्या दिवशी दिसला नाही, असा निष्कर्ष काढता येतो. निवडक यादीत हे शक्य नसतं. तिथे नाव नसलं तर पक्षी नव्हता की लिहिणाऱ्यानं सोडला, हे कळायला मार्ग नाही. अशा शंभर पूर्ण याद्यांपैकी साठ याद्यांत चिरक असेल, तर चिरकाची वारंवारिता साठ टक्के. दहा वर्षांनी तीच वाट, तोच हंगाम, तेवढाच वेळ आणि चिरक तीस याद्यांत आला, तर काहीतरी बिघडलं आहे. हा हिशेब करायला पदवी लागत नाही. तारीख, वेळ, किती मिनिटं, किती अंतर, कोणते पक्षी आणि प्रत्येकाची साधारण संख्या, एवढं हवं. पंधरा मिनिटांची यादीसुद्धा चालते. ‘ई-बर्ड’ हा मंच अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षी प्रयोगशाळेनं २००२ मध्ये सुरू केला. त्याच्यावर याद्या भरताना ‘दिसलेले सगळे पक्षी लिहिले का’ हा प्रश्न विचारतात, तो याचसाठी.

या छोट्या याद्यांचं पुढे काय होतं, ते २०२३ च्या ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्‌स’ या अहवालात दिसलं. देशभरातल्या सुमारे ३०,००० पक्षीनिरीक्षकांच्या ३ कोटी नोंदींवरून ९४२ जातींचा आढावा त्यात घेतला आहे. ३३८ जातींबाबत दीर्घकालीन कल सांगण्याएवढी माहिती होती. त्यांपैकी २०४ जाती घटल्या, ९८ स्थिर राहिल्या, ३६ वाढल्या. वाढलेल्यांत मोर, कोकीळ, राखी वटवट्या आणि पारवे आहेत. घटलेल्यांत दसऱ्याला ज्याचं दर्शन शुभ मानतात तो नीळकंठ आहे. तारेवर बसलेला नीळकंठ एके काळी इतका सर्वसाधारण होता की कुणी वहीत घेत नसे. नेहमीचे पक्षी कमी होतात ते असेच, कुणाच्या लक्षात न येता. गवताळ माळ आणि उघड्या जागांवरचे पक्षी या घसरणीत पुढे आहेत, हे त्या अहवालातलं मला सर्वांत बोचलेलं वाक्य.

बोचलं, कारण टेकडीवर ते रोज समोर दिसतं. उघडा माळ आपल्याला ओसाड वाटतो. सरकारी भाषेत तो ‘पडीक’ असतो. मग तो हिरवा करायला हात शिवशिवतात. पुण्याच्या टेकड्यांवर गिरिपुष्पाची दाट लागवड झाली, ती चांगल्याच हेतूनं. हे मध्य अमेरिकेतलं झाड. नुसती काठी रोवली तरी जगतं, भराभर वाढतं, शेळ्या त्याला फारसं तोंड लावत नाहीत. फेब्रुवारीत गुलाबी फुलांनी लगडतं तेव्हा शिंजीर त्याच्यावर मध प्यायला येतात, हेही खरं. पण त्याच्या दाट सावलीत कुसळी गवत टिकत नाही. गवत गेलं की बी खाणाऱ्या मुनिया, गवतात दडणारे लावे, उघड्यावर शिकार करणारा खाटीक, जमिनीवर धावणारा चंडोल यांना तिथे काही उरत नाही. गिरिपुष्पाच्या राईतून आणि शेजारच्या बोरी-हिवराच्या उघड्या उतारावरून एकाच सकाळी अर्धा-अर्धा तास चालून दोन वेगळ्या याद्या कराव्यात. पहिली आखूड होते, दुसरी लांब. हा प्रयोग कुणीही करू शकतो आणि वृक्षारोपणाला निघालेल्या प्रत्येक मंडळानं तो आधी करावा, अशी माझी कळकळीची इच्छा आहे. गवताळ माळ हा आपल्या पर्जन्यछायेतल्या डोंगराचा मूळ पोशाख आहे. त्याला झाडांनी झाकणं म्हणजे त्याला वाचवणं नव्हे.

टेकडीतून रस्ता आणि बोगदे नेण्याच्या प्रस्तावांवर पुण्यात जो वाद चालत आला आहे, त्यातही अशा याद्यांचं मोल आहे. ‘इथे खूप पक्षी आहेत’ या वाक्याला सरकारदरबारी वजन नसतं. अमुक वाटेवर, अमुक महिन्यांत, एवढ्या फेऱ्यांपैकी एवढ्यांत हे पक्षी दिसले, या वाक्याला असतं.

वाटेवर वागायचे काही रिवाज पाळावेत. पक्षी बाहेर यावा म्हणून फोनवर त्याचा आवाज वाजवू नये. विणीच्या दिवसांत नराला तो प्रतिस्पर्धी वाटतो, तो घरटं सोडून भांडायला येतो आणि तेवढ्यात कावळा पिल्लू उचलतो. घरट्याचे फोटो काढू नयेत, त्याची जागा कुणाला सांगू नये. टेकडीवर दाणे टाकू नयेत. त्या दाण्यांवर पारवे वाढतात, आणि त्यांना आपल्या मदतीची गरज नाही. कुत्र्याला साखळी असावी, निदान मार्च ते ऑगस्ट तरी, कारण त्या महिन्यांत जमिनीवर अंडी आणि पिल्लं असतात.

महाराष्ट्रात ५ ते १२ नोव्हेंबर पक्षी सप्ताह असतो. ५ नोव्हेंबर अरण्यलेखक मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस, १२ नोव्हेंबर सलीम अलींचा. त्या आठवड्यात टेकडीवर गटच्या गट दिसतात, शाळांच्या सहली येतात आणि भराभर याद्या होतात. हिवाळाभर हा उत्साह टिकतो. जूनमध्ये पाऊस सुरू झाला की दुर्बिणी कपाटात जातात आणि जुलै-ऑगस्टच्या नोंदी विरळ होतात. वास्तविक विणीची सर्वांत मोठी धामधूम तेव्हाच असते. सातभाई चातकाचं पिल्लू पोसत असतात, वटवटे गवतात घरटी शिवत असतात, मोराच्या पिसाऱ्याची पिसं गळायला लागलेली असतात. ज्याला नव्यानं सुरुवात करायची आहे त्यानं नोव्हेंबरची वाट बघू नये. येत्या जुलैत, पावसाची सर थांबली की छत्री घेऊन निघावं, आपल्या नेहमीच्या वाटेवर पंधरा मिनिटं उभं राहावं आणि जे दिसेल, जे ऐकू येईल ते सगळं लिहावं, बुलबुलासकट.